डेव्हलपरच्या कामाचे मोजमाप कुठून सुरू करावे

अंधेरीतल्या एका कंपनीत मी टीम लीड असताना आमच्याकडे दर महिन्याला बंद केलेल्या तिकिटांच्या, म्हणजे नोंदवून सोपवलेल्या आणि पूर्ण झालेल्या कामांच्या, संख्येवरून क्रमवारी लागत असे. त्या यादीत तळाला असायची आमची सर्वांत अनुभवी सहकारी. तिच्या टेबलापाशी दिवसभर कोणी ना कोणी अडलेला उभा असे, ती त्याच्या कोडमधली चूक दहा मिनिटांत दाखवून देई आणि तिकीट मात्र त्याच्या नावावर बंद होई. त्या वर्षी तिला पगारवाढ कमी मिळाली आणि पावसाळ्याच्या आधीच तिने नोकरी सोडली. ते पत्रक मीच भरत होतो, याची खंत मला अजून आहे.

कोडच्या ओळी मोजणे तर त्याहून फसवे. १९८२ मध्ये अ‍ॅपलच्या लिसा संगणकावर काम करणाऱ्या बिल अ‍ॅटकिन्सन यांनी एक भाग नव्याने लिहून तो आटोपशीर आणि कितीतरी वेगवान केला, आणि आठवड्याच्या तक्त्यात ओळींच्या रकान्यात ‘उणे २०००’ असा आकडा भरला.

म्हणून माझे सांगणे असे, की माणसाऐवजी कामाचा प्रवास मोजावा. अलीकडे पूर्ण झालेली वीस कामे घ्यावीत आणि प्रत्येकापुढे चार टप्प्यांची वेळ लिहावी: काम हातात घेतले ती, कोड रिव्ह्यूसाठी (म्हणजे सहकाऱ्याने तपासण्यासाठी) पाठवला ती, रिव्ह्यू मंजूर झाला ती आणि बदल प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या प्रणालीवर, गेला ती. ही माहिती गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन), जिरा (तिकिटे सांभाळणारे साधन) आणि डिप्लॉयमेंटच्या, म्हणजे बदल प्रॉडक्शनवर चढवण्याच्या, नोंदींत आधीच असते, त्यामुळे कोणाकडूनही नवी टाइमशीट भरून घेण्याची गरज पडत नाही. सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढावा, कारण महिनाभर रखडलेले एखादेच काम सरासरीला पार बिघडवून टाकते.

आम्ही हे पहिल्यांदा केले तेव्हा एका साध्या बदलाची नोंद समोर आली. बिलाच्या एसएमएसमधली तारीख चुकत होती. काम सोमवारी सकाळी अकराला सुरू झाले आणि संध्याकाळी पाचला कोड रिव्ह्यूसाठी गेला. रिव्ह्यूमधली पहिली टिप्पणी आली गुरुवारी दुपारी, मंजुरी मिळाली शुक्रवारी, आणि चाचणीचा एकुलता एक सर्व्हर दुसऱ्या टीमकडे अडकल्यामुळे बदल ग्राहकांपर्यंत पोहोचला तो पुढच्या बुधवारी. जेमतेम सहा तासांचे काम आणि नऊ दिवसांचा प्रवास! त्या मुलाला अधिक वेगाने टाइप करायला लावून यातला एक दिवसही वाचला नसता. उत्पादकता रिव्ह्यूच्या रांगेत आणि सर्व्हरच्या प्रतीक्षेत गळत होती, आणि हे दोन्ही प्रश्न सोडवणे टीम लीडचे, म्हणजे माझे काम होते.

वेगाच्या जोडीला स्थैर्य मोजलेच पाहिजे. सॉफ्टवेअर टीमच्या कामगिरीचा अभ्यास करणाऱ्या डोरा या संशोधन उपक्रमामुळे रूढ झालेल्या चार मापांत म्हणूनच दोन्ही बाजू आहेत: किती वेळा डिप्लॉय होते आणि बदलाला प्रॉडक्शनवर पोहोचायला किती वेळ लागतो ही दोन एका बाजूला, तर किती टक्के बदलांनी बिघाड होतो आणि बिघाडातून सावरायला किती वेळ लागतो ही दोन दुसऱ्या बाजूला. यांतले एकच उचलले तर टीम नकळत त्याच बाजूला झुकते.

नोंदींत न दिसणारे विचारूनच कळते. २०२१ मध्ये संशोधक निकोल फोर्सग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या ‘स्पेस’ चौकटीत कृतींच्या मोजणीबरोबर समाधान आणि आपसातल्या सहकार्यालाही स्थान आहे. दर पंधरा दिवसांनी तीन प्रश्न पुरतात: या काळात कशामुळे अडलात, सलग दोन तास निवांत काम किती दिवस करता आले, आणि कोणाच्या मदतीमुळे काम सुटले? तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आमच्या त्या सहकाऱ्याचे नाव त्याच्या उत्तरांत दर वेळी आले असते. उत्तरे निनावी घ्यावीत आणि त्यांतून काय निघाले ते टीमला परत सांगावे. दोनदा सांगितले नाही, तर तिसऱ्यांदा कोणी मनापासून लिहीत नाही.

आकडे हाती आल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आम्ही प्रत्येक रिव्ह्यूला एका कामाच्या दिवसात पहिले उत्तर द्यायचे ठरवले आणि सहा आठवड्यांनी पुन्हा वीस कामे तपासली. वेळ कमी झाला पण बिघाडांचे प्रमाण वाढले, असे दिसल्यास रिव्ह्यू वरवर होत असल्याची शंका घ्यावी आणि चार-पाच रिव्ह्यू उघडून प्रत्यक्ष वाचावेत. एका टीमची तुलना दुसरीशी करू नये, कारण बँकेचे जुने सॉफ्टवेअर सांभाळणारी टीम आणि नवे अ‍ॅप लिहिणारी टीम यांचे आकडे सारखे येणारच नाहीत. पत्रकात डेव्हलपरच्या नावाचा रकानाही ठेवू नये. तो असला, की अप्रेझलच्या महिन्यात कोणीतरी त्या रकान्यावरून यादी लावतोच.