लैंगिकतेवर सर्व्हे करताय? या चुका टाळा

नवशिक्यांचे प्रस्ताव तपासताना एक वाक्य हमखास भेटतं: 'आम्ही नाव विचारणार नाही, त्यामुळे माहिती पूर्णपणे गोपनीय राहील.'

नाही राहत. एका विद्यार्थ्याने एका संस्थेतल्या कर्मचाऱ्यांचा सर्व्हे केला. नाव नाही, ईमेल नाही. पण वय, विभाग, पद, वैवाहिक स्थिती, नोकरीची वर्षं सगळं विचारलेलं. का, तर 'पुढे लागलं तर असू दे'. आकडेमोडीला मदत हवी म्हणून एक्सेल फाइल त्याने ओळखीच्या एकाला पाठवली, आणि तो नेमका त्याच संस्थेतला निघाला. त्या विभागात घटस्फोटित बाई एकच. त्यांच्या ओळीत पुढे काय काय भरलंय ते त्याने बसल्या जागी वाचलं. गोष्ट बाईंच्या कानावर गेली, तक्रार झाली, अभ्यास गुंडाळावा लागला. आणि आमचा विद्यार्थी शेवटपर्यंत म्हणत राहिला, 'पण मी नाव कुठे विचारलं होतं?'

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी 2000 साली हिशेब मांडून दाखवला होता की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे 87 टक्के माणसं एकेकटी वेगळी काढता येतील. इथे तर आपण लोकांच्या शय्यागृहातलं विचारतोय.

माझी सवय सांगते. प्रश्नावलीतल्या प्रत्येक रकान्यासमोर मी विचारते, हा कोणत्या तक्त्यात जाणार? उत्तर नसेल तर रकाना उडवायचा. वय गटात घ्यायचं. एखाद्या गटात पाचपेक्षा कमी माणसं उरली तर तो शेजारच्या गटात मिसळायचा. फोन नंबरांची यादी उत्तरांच्या फाइलजवळ ठेवायचीच नाही, दुसऱ्या माणसाकडे द्यायची.

दुसरी लाडकी चूक: सही घेतली की संमती मिळाली. या विषयात सहीचा कागद हाच कधीकधी सर्वांत मोठा धोका असतो, कारण अख्ख्या अभ्यासात नाव असलेला तोच एक कागद. अशा वेळी सही न घेण्याची मुभा अमेरिकेतल्या नियमांतही आहे. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीकडे ती मागावी लागते. मागायला वेळ जातो, म्हणून घाईतले लोक सही घेऊन मोकळे होतात. लैंगिक वर्तनाचे अमेरिकन अभ्यासक आल्फ्रेड किन्से यांच्या मुलाखतकारांनी उत्तरं सांकेतिक खुणांत टिपायची आणि त्या खुणा तोंडपाठ ठेवायच्या, अशी शिस्त होती. एवढे कष्ट आज कोण घेतं? फोनवर रेकॉर्डिंग चालू करतात आणि ते आपोआप क्लाउडवर जातं.

हेतू लपवून माहिती काढणं हाही संमतीचाच गोंधळ. 1960 च्या दशकात अमेरिकन समाजशास्त्रज्ञ लॉड हम्फ्रीज यांनी सार्वजनिक स्वच्छतागृहांत पुरुषांमधले लैंगिक संबंध, कोणी येतंय का यावर नजर ठेवणारा त्यांचाच पहारेकरी बनून पाहिले, त्यांच्या गाड्यांचे नंबर टिपले, नाव-पत्ते मिळवले आणि साधारण वर्षभराने वेश पालटून आरोग्य सर्व्हेच्या नावाखाली त्यांच्या घरी गेले. समलैंगिक संबंध गुन्हा असण्याचा तो काळ होता आणि त्यांतले बरेच जण विवाहित होते. 'पण त्यातून समाजाचे गैरसमज दूर झाले' असं आजही सांगितलं जातं. झालेही असतील. यादी पोलिसांच्या हाती पडली असती तर काय, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

आता बाकीच्या पटापट. ऑनलाइन फॉर्ममधला प्रत्येक प्रश्न सक्तीचा करू नका. 'सांगायचं नाही' हा पर्याय हवाच. शिक्षकाने आपल्याच वर्गातून सहभागी गोळा करू नयेत, 'ऐच्छिक आहे' असं दहादा म्हटलं तरी. अत्याचाराबद्दल विचारणार असाल तर समुपदेशकाशी आधी बोलून ठेवा. फॉर्मच्या तळाशी कधी लावूनही न पाहिलेला हेल्पलाइन नंबर म्हणजे सोय नव्हे. पुन्हा संपर्क करायचा असेल तर कोणत्या वेळी, कोणत्या नंबरवर आणि फोन दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं, हे सहभागी व्यक्तीलाच विचारा. मानधन इतकं ठेवू नका की नकार देणं परवडू नये. आणि कोणी अर्ध्यातून उठून गेलं तर मानधन पूर्ण द्या. 'मग सगळेच उठून जातील' असा आक्षेप दरवेळी येतो. उठून जात असतील तर तुमच्या प्रश्नावलीत काहीतरी बिघडलंय, ती आधी दुरुस्त करा.