प्रश्नावली मराठी-कन्नड दोन्हींत, पण अर्थ एकच

निपाणी, खानापूर, चिकोडीकडे आरोग्याच्या प्रोजेक्टसाठी घरोघरी जाणाऱ्यांची अडचण एकच: इंग्रजी प्रश्न उभ्या उभ्या मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगितला की दर घरी तो बदलतो. मग उत्तरं जुळत नाहीत.

1. दोन्ही भाषांतरं आधीच छापून घ्या. प्रश्नांचे आणि पर्यायांचे क्रमांक तेच ठेवा.
2. मूळ प्रश्न न पाहिलेल्या मित्राकडून दोन्ही पुन्हा इंग्रजीत करून घ्या. जिथं अर्थ सरकला तिथं दुरुस्ती.
3. पाच-सहा जणांना वाचून दाखवा. ही पायरी अजिबात गाळू नका. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की मावशी सरळ ‘नाही’ म्हणतात, आणि खिडकीत मिश्रीची डबी असते! मिश्री, तपकीर, गुटखा, विडी असं नाव घेऊनच विचारा. ‘उच्च रक्तदाब’ नको, ‘बीपी’ म्हणा.
4. ‘सहा महिन्यांत’ऐवजी ‘दसऱ्यापासून’, ‘गुढीपाडव्यापासून’ विचारा. कन्नड घरात युगादी म्हणा, दिवस तोच.

मात्र नैतिकता समितीची मंजुरी दोन्ही भाषांतल्या प्रश्नावलीला आणि संमतीपत्राला हवी, तीही तिसऱ्या पायरीतल्या वाचून दाखवण्याच्या आधी. नंतर शब्द बदलला तर गाइडना दाखवून पुन्हा समितीला कळवा.