एनव्हीडीए ॲड-ऑनमधील अडकलेला लूप शोधताना आणि सोडवताना

अंध व्यक्तींना पडदा वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या सॉफ्टवेअरची ॲड-ऑन, म्हणजे त्याला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, पायथनमध्ये लिहिलेली असतात आणि त्यांतील स्क्रिप्ट मुख्य थ्रेडवरच, म्हणजे एनव्हीडीएचे स्वतःचे काम ज्यावर क्रमाने चालते त्याच धाग्यावर, चालते. त्यामुळे एखादा व्हाइल लूप संपलाच नाही, तर आवाज आणि ब्रेल दोन्ही थांबतात. शेजारच्या डोळस सहकाऱ्याला मात्र काहीच बिघडलेले दिसत नाही.

अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एन या कळा दाबाव्यात. इन्स्टॉल करताना डेस्कटॉप शॉर्टकट ठेवला असेल, तर नवी प्रत सुरू होऊन जुनी बंद होते. त्यानंतर घाईने पुन्हा रीस्टार्ट करू नये, कारण अडकलेल्या वेळची नोंद टेम्प फोल्डरमधील ‘एनव्हीडीए-ओल्ड डॉट लॉग’ या फाइलमध्ये गेलेली असते आणि पुढच्या रीस्टार्टला ती पुसली जाते. तिची प्रत काढून ‘कोअर फ्रोझन इन स्टॅक’ हे शब्द इंग्रजीत शोधावेत. वॉचडॉगने (एनव्हीडीए अडकले का यावर लक्ष ठेवणाऱ्या भागाने) त्याखाली लिहिलेल्या स्टॅकमध्ये, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनच्या यादीत, आपल्या फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक सापडतो. एनव्हीडीए सुरू होतानाच अडकत असेल, तर ‘डिसेबल-ॲडऑन्स’ हा पर्याय देऊन ते सुरू करावे.

दोष बहुधा साधा असतो: ऑब्जेक्टवरून (पडद्यावरील बटणासारख्या घटकावरून) ‘नेक्स्ट’ने पुढे जाताना पुढचा ऑब्जेक्ट चलात भरायचा राहिलेला असतो, किंवा तो भरलेला असूनही सदोष ॲप्लिकेशन फिरून आधीचाच ऑब्जेक्ट हाती देते. म्हणून अशा प्रत्येक लूपला फेऱ्यांची कमाल मर्यादा घालावी.

एखादी खिडकी उघडण्याची वाट पाहण्यासाठी लूपमध्ये ‘टाइम डॉट स्लीप’ घालणे हा उपाय नव्हे. त्या झोपेत मुख्य थ्रेडही झोपतो. त्याऐवजी एकदा तपासणारे छोटे फंक्शन लिहावे आणि खिडकी न सापडल्यास ‘कोअर डॉट कॉल-लेटर’ने तेच १०० मिलिसेकंदांनी पुन्हा बोलवावे. अशा २० प्रयत्नांनंतर, म्हणजे सुमारे २ सेकंदांनी, थांबून ‘यूआय डॉट मेसेज’ने तसे सांगावे. गप्प राहून हार मानणारी स्क्रिप्ट वापरणाऱ्याला अडकलेल्या स्क्रिप्टसारखीच वाटते.

व्हाइल नसतानाही एक लूप होतो. ‘इव्हेंट-गेनफोकस’मध्ये, म्हणजे एखाद्या घटकावर फोकस आला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये, आपण फोकस दुसरीकडे नेतो, ॲप्लिकेशन तो परत आणते आणि तोच इव्हेंट पुन्हा येतो. येथे शांतता नसते, तीच नावे तुटक तुटक ऐकू येत राहतात आणि लॉगमध्ये फ्रोझनची नोंदही मिळत नाही. फोकस हलवण्यापूर्वी एक खूण चलात ठेवावी आणि ती असेपर्यंत पुन्हा हलवू नये.