रडणारी पृथ्वी नको: सहावी ते आठवीच्या मुलांना बोलकं पोस्टर कसं शिकवावं

शाळेत पोस्टर स्पर्धा असली की निम्म्या कागदांवर रडणारी पृथ्वी असते आणि उरलेल्यांवर रडणारं झाड. खाली वाकड्या ओळीत ‘पर्यावरण वाचवा’. मुलांचा हात चांगला असतो, शेडिंगही जमलेलं असतं. पण ते बघून कोणी नेमकं काय करायचं, याचा पत्ता लागत नाही. म्हणून पहिल्या तासाला रंगपेटी उघडूच देऊ नका.

त्या तासाला नुसतं बोला. फळ्यावर ‘पाणी वाचवा’ लिहा आणि विचारा: कोणी? कुठे? काय करून? सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पिंप, घागरी, बादल्या भरून ठेवणं मुलांना नवं नाही. नळ आला की आधीचं पाणी ‘शिळं’ म्हणून मोरीत ओतून द्यायचं, हेही कुणी ना कुणी सांगतंच. चर्चा इथवर आली की विषय हाती लागला: ‘पिंपातलं उरलेलं पाणी ओतू नका, धुण्याला घ्या.’ एखादं चुणचुणीत पोर म्हणेल, पण सर, पिंप आठवड्याला रिकामं करून घासायचं असतं ना, डेंग्यूचे डास होतात. बरोबर आहे. म्हणूनच ‘पिंप रिकामं करू नका’ असं लिहिलं तर ते चुकीचं ठरेल. शब्द कुठे अडकतो, हे असंच कळतं.

मग प्रत्येकाने वहीत एक वाक्य लिहायचं: ‘हे चित्र बघून अमक्याने तमकं करावं.’ ‘सर्वांनी’ या शब्दाला बंदी. आई, रिक्षावाले काका, गड्ड्याच्या यात्रेत फिरणारी माणसं, पाचवीतली मुलं, कोणीही चालेल, पण एकच.

दुसऱ्या तासाला कागदाला तीन घड्या घालून आठ चौकोन करायला सांगा. आठ चौकोनांत एकाच वाक्याची आठ कच्ची चित्रं, पेन्सिलीने, झटपट. पहिली दोन-तीन सगळ्यांची सारखीच निघतात, कारण ती आधी कुठेतरी बघितलेली असतात. स्वतःचं काही सुचतं ते त्यानंतर. इथे घाई करू नका.

आता सोलापुरातच जमेल असा एक सराव. वर्गात कुणाच्या घरी यंत्रमाग असेल, कुणाचे काका कारखान्यात असतील. जेकार्ड चादरीची नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढायची पद्धत आहे. चौकोन भरलेला तरी किंवा रिकामा तरी, अधलंमधलं काही नाही. त्यावरून कार्डांना भोकं पाडतात. भोक असेल तिथे उभा धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. मुलांना तीस बाय तीस चौकोनांत आपलं मुख्य चित्र बसवायला सांगा: पिंप, तांब्या, कलंडलेली बादली. शेडिंग, सावल्या, पापण्या आपोआप गळून पडतात आणि नुसता आकार उरतो. तो कागद फळ्याला लावून शेवटच्या बाकावरून ओळखू येतो का बघा. बादली ओळखू येत नसेल तर रंग भरूनही येणार नाही.

शब्द सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो पाच-सहाच. इथल्या गल्लीत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं आहेत. शब्द झाकून चित्राचं निम्मं तरी काम झालं पाहिजे.

देवनागरीत मुलं हमखास एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे मात्रा-वेलांट्यांची जागा. शिरोरेषेची ओळ आखतात, अक्षर त्यात बसवतात आणि ‘धुण्या’चा उकार चित्रात घुसतो. त्यामुळे चार रेषा आखायला लावा: मधला पट्टा अक्षराचा, वरचा मात्रांचा, खालचा उकारांचा. आधी पेन्सिलीने अक्षरं मोजून मधून दोन्हीकडे लिहीत जावं, म्हणजे शेवटचं अक्षर कोपऱ्यात चेंगरत नाही. दहा फुटांवरून सहज वाचायचं तर अक्षर साधारण इंचभर उंच हवं. आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले एम. एफ. हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवायचे, हे इथे मुलांना जरूर सांगा; लांबून दिसणं हीसुद्धा चित्रकाराची विद्या आहे.

रंग तीनच द्या, त्यातला एक गडद. पिवळ्यावर काळं उठून दिसतं, पांढऱ्यावर पिवळं हरवतं.

पुरं झालं की परीक्षा बाहेरच्या माणसाकडून. विषय ठाऊक नसलेल्या शिपाई मावशींना चित्र पाच सेकंद दाखवून उलटं करायचं आणि विचारायचं, “मावशी, यात काय करायला सांगितलंय?” मुलाने मध्ये बोलायचं नाही. उत्तर भलतंच आलं तर चित्र बदलायचं, मावशींना समजावत बसायचं नाही. गुण देताना निम्मे या परीक्षेला ठेवा. सुबक शेडिंगवालं पोर थोडं नाराज होईल, होऊ द्या.

चित्रकलेच्या वर्गात लावून उपयोग नाही. पाण्याचं चित्र टाकीपाशी किंवा पालक उभे राहतात त्या फाटकापाशी लावा, बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. पंधरा दिवसांनी उतरवून दुसऱ्याचं लावा, कारण रोजचं झालेलं चित्र कुणी बघत नाही.