वॉरलॉकचे स्लॉट पुरत नसतील तर
डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून खेळायचा भूमिका-खेळ, पाचवी आवृत्ती (2014). विझार्ड आणि वॉरलॉक दोघेही जादूगार, पण पाचव्या लेव्हलला विझार्डकडे नऊ स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी), वॉरलॉककडे दोनच. दुसऱ्या लढाईपासून आमचा वॉरलॉक नुसता एल्ड्रिच ब्लास्ट (स्लॉट न लागणारा हल्ल्याचा मंत्र) मारत बसायचा, बघवत नव्हतं. जादा स्लॉट दिला, तर एकाच लढाईच्या दिवशी तो विझार्डला वरचढ. ब्लास्टच्या नुकसानीचा डी10 (दहा बाजूंचा फासा) बदलून डी12 केला, फरक शून्य.

दुखणं विश्रांतीत होतं. त्याचे स्लॉट शॉर्ट रेस्टला, म्हणजे छोट्या विश्रांतीत, भरतात, आणि तासभर थांबायला कुणी तयार नसे. आधी दोन्ही बदल काढले. मग शॉर्ट रेस्ट दहा मिनिटांची केली. शेवटी मर्यादा घातली: दोन लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) मध्ये शॉर्ट रेस्ट फक्त दोन. ही मर्यादा हवीच, नाहीतर सॉर्सरर या आणखी एका जादूगाराशी मल्टिक्लास करून (एकाच पात्रात दोन वर्ग घेऊन) पॅक्ट स्लॉटचे, म्हणजे वॉरलॉकच्या स्लॉटचे, सॉर्सरी पॉइंट (सॉर्सररचे जादूचे गुण) करत राहता येतं. शॉर्ट रेस्टला क्षमता परत मिळवणाऱ्या फायटर आणि मंक या वर्गांनाही फायदा होतो, होऊ द्या.