मूल गुटगुटीत, मार्क कमी? या चुका टाळा

तिसरी-चौथीत मुलाचं वजन वाढतं, त्याच सुमारास मार्क घसरतात आणि घरात दोन्हींना एकच नाव मिळतं: आळस. पहिली चूक इथेच होते. जाड म्हणजे ढ, असं काही नसतं. अमेरिकेत शाळेत नव्याने दाखल झालेल्या मुलांची एक मोठी पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. जादा वजनाच्या मुलांना वाचनात आणि गणितात कमी गुण दिसले खरे, पण आईचं शिक्षण आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो फरक बराचसा पुसला गेला.

मग अडतं कुठे? बरेचदा झोपेत. मूल घोरतं, आजी कौतुकाने म्हणते, "बघ कसा गाढ झोपलाय." उलट अनेकदा त्याला गाढ झोप मिळतच नसते. टॉन्सिल किंवा नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठी सुजलेल्या असतात, त्यात मानेभोवती चरबी. श्वास अडकतो, मेंदू दचकून जागा होतो, असं रात्रभर चालतं. घड्याळात नऊ तास भरतात, पण मेंदूला विश्रांती नाही. मोठी माणसं अशा वेळी दिवसा पेंगतात, लहान मुलं मात्र बरेचदा चुळबुळ करतात, चिडतात. शाळेतून चिठ्ठी येते: एका जागी बसत नाही. आणि आपण वर्ग तपासतो, बिछाना नाही. १९९८ च्या एका संशोधनात अभ्यासात मागे पडलेल्या पहिलीच्या काही मुलांमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा हा त्रास सापडला होता. ज्यांचे टॉन्सिल-ॲडेनॉइड काढले, त्यांचे गुण पुढच्या वर्षी सुधारले.

म्हणून सर्दी नसतानाही आठवड्यात तीन-चार रात्री घोरणं ऐकू येत असेल, तर मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. तोंड उघडं आहे का, श्वास मध्येच थांबतो का, घाम फुटतो का, तेही बघा. व्हिडिओ बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ट्यूशनची फी भरण्याआधी हे करा.

ट्यूशनवरून आठवलं. मार्क कमी पडले की सगळ्यात आधी मैदानावर गदा येते. शाळेतही पी.टी.चा तास गणिताचे सर मागून घेतात. या वयात रोज किमान ६० मिनिटं घाम निघेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

वजनकाट्याचा आकडा एकटा बघणं हीसुद्धा चूक. आठ वर्षांचा मुलगा, उंची १२८ सेंमी, वजन ३२ किलो: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) साधारण १९.५. मोठ्या माणसाला हा आकडा उत्तम, पण या मुलाला तो जादा वजनाच्या पट्ट्यात टाकतो. वयाचा तक्ता डॉक्टरांकडे असतो, तोच धरा. आणि घाबरून त्याचं जेवण तोडू नका. वाढत्या वयात अनेकदा वजन आहे तिथे टिकवलं तरी पुरतं, उंची वाढते तसा बीएमआय उतरतो. बिस्किटं, सरबतं, रात्रीचे वेफर्स बंद करा, पण सकाळी सातच्या रिक्षात रिकाम्या पोटी बसवू नका. जाड मुलातही लोह कमी असू शकतं, तेव्हा थकवा दिसत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

'ढोल्या', 'जाड्या' हे लाडाने म्हटलं तरी मूल ते शाळेत घेऊन जातं. फळ्यापाशी बोलावलं की त्याचं पोट दुखायला लागतं. शाळेच्या आरोग्य तपासणीत वजन मोठ्याने वाचून दाखवत असतील, तर बाईंना भेटून तेवढं थांबवायला सांगा.