चालण्याच्या शर्यतीत बाद व्हायचे नसेल, तर या चुका टाळा

चालण्याच्या शर्यतीत तंत्राचे नियम दोनच आहेत. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटलेले पंचांच्या उघड्या डोळ्यांना दिसता कामा नयेत. आणि पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकल्या क्षणापासून शरीराखाली उभा येईपर्यंत गुडघ्यात सरळ राहिला पाहिजे. नवे खेळाडू हे दोन स्वतंत्र दोष मानून दोन वेगळे उपाय शोधत बसतात. माझ्या मते दोन्हींचे मूळ बहुधा एकाच चुकीत असते, ती म्हणजे वेग वाढवण्यासाठी पाऊल पुढच्या बाजूला लांब टाकणे.

पाय शरीराच्या फार पुढे पडला, की टाच जमिनीला अडते आणि तो धक्का झेलताना गुडघा आपोआप वाकतो. तो वाकू नये म्हणून खेळाडू मांडी उंच उचलून पाय फेकू लागला, की जमिनीशी असलेला संपर्क तुटतो. म्हणून पावलाची लांबी मागे मिळवावी : मागचा पाय अंगठ्यापर्यंत जमिनीवर राहू द्यावा, त्या बाजूची कंबर मागे जाऊ द्यावी, आणि मग गुडघा फार न उचलता पाय जमिनीलगत पुढे आणावा. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालून पाहावे. दोन्ही पावले त्याच पट्ट्यावर पडत असतील, तर कंबर नीट फिरते आहे. उरलेला वेग पावलांच्या गतीतून येतो. अव्वल खेळाडू मिनिटाला सुमारे 200 पावले टाकतात. त्यासाठी कोपर साधारण 90 अंशांत वाकलेले हवे, कारण लांब सोडलेला हात पायांनाही मंदावतो, तर ताठरलेले, वर चढलेले खांदे शरीर वर उचलतात.

नडगीच्या पुढच्या बाजूला जळजळ होऊन पाऊल आपटू लागले, तर तेथील स्नायू अजून तयार नाही असे समजावे. टाचांवर थोडे थोडे चालण्याचा व्यायाम करावा आणि अंतर हळूहळू वाढवावे.

तंत्राची तपासणी ताजेतवाने असताना करणे ही आणखी एक चूक आहे, कारण गुडघा बहुधा थकल्यावरच वाकतो. सरावाच्या अखेरीस बाजूने मोबाइलवर चित्रण करावे. मंद गतीत पाहिल्यास दोन्ही पाय क्षणभर सुटलेले दिसू शकतात. तेवढ्याने घाबरू नये, नेहमीच्या गतीत ते दिसते का, हे पाहावे.

नियमांविषयीचे गैरसमजही महागात पडतात. पंचांनी दाखवलेला पिवळा फलक ही केवळ सूचना असते, पण लाल कार्डाआधी, म्हणजे पंचाने नियमभंग नोंदवण्याआधी, ती मिळेलच असे नाही. तीन वेगवेगळ्या पंचांची लाल कार्डे जमली, की खेळाडू बाद होतो. जेथे दंडक्षेत्राची, म्हणजे दंड म्हणून थांबण्याच्या जागेची, सोय असते, तेथे 20 किलोमीटरच्या शर्यतीत तिसऱ्या कार्डानंतर 2 मिनिटे थांबावे लागते आणि चौथ्याला तो बाद होतो. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये मेक्सिकोचा बर्नार्डो सेगुरा प्रथम क्रमांकाने पोहोचल्यावर बाद ठरला, तर ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल आघाडीवर असताना स्टेडियमच्या तोंडाशी बाद झाली. त्यामुळे मार्गालगतच्या सूचना फलकाकडे प्रत्येक फेरीत लक्ष ठेवावे. तेथे आपल्या क्रमांकापुढे दोन लाल खुणा दिसल्या, तर अखेरची मुसंडी मारण्याचा मोह आवरून पाऊल आखूड करावे. उघड नियमभंग दिसल्यास मुख्य पंच शेवटच्या 100 मीटरमध्ये आधीची कार्डे न मोजताही खेळाडूला बाद करू शकतात.